अशी गाडी घेऊ नकोस, अक्का

जळगाव,
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप अक्काला तोतारामचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे कागदावरचा. प्रत्यक्षात वाकलो तर परत उभं करायला शेजारच्या हबीबभाईंना बोलवावं लागतं.) तुझे गुडघे कसे आहेत? ललितने ते तेल आणून दिलं का, की तुझा मुलगा अजून 'आज आणतो, उद्या आणतो' यावरच आहे? इकडे आम्ही दोघं ठीक. ऊन चव्वेचाळीसच्या खाली यायला तयार नाही. रूपाचे उडदाचे पापड झाले, आता ज्वारीच्या बिबड्या चालू आहेत. सगळी गच्ची जुन्या साड्यांनी आणि त्यांच्यावर पसरलेल्या बिबड्यांनी अडवली असल्यामुळे घरातल्या कर्त्या पुरुषाला स्वतःच्याच गच्चीवर पाय ठेवायची परवानगी नाही. तुझी तब्येत सांभाळ आणि दुपारी बाराच्या पुढे बाहेर पडू नकोस.

फोन असताना हा कागद-पेनाचा खटाटोप कशाला, असं तुझ्या मनात येईल. तर अक्का, हल्ली फोनवर माणसं बोलतच नाहीत, पुटपुटतात. आवाज वाढवायची कळ मी पार टोकापर्यंत दाबून ठेवलेली असते, तरी पलीकडचा माणूस तोंडात सुपारी धरून विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. आमची नूतन नाशिकहून फोन करते तेव्हा मी नुसतं 'हो हो, बरं बरं' म्हणतो आणि फोन तिच्या आईकडे देतो. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. एवढे मोठे पगार घेतात, पण घशातून आवाज काढायचा कंटाळा. इतकंच काय, रूपासुद्धा अलीकडे स्वयंपाकघरातून काहीतरी कुजबुजते आणि मी उत्तर दिलं नाही की दोन तास गाल फुगवून बसते. मी दीपनगरच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं टर्बाइनवर काढली. तिथे माणसं छातीतून बोलायची. ती पिढीच गेली.

आता मुद्द्यावर येतो. दोन रविवारांपूर्वी तू फोन केलास आणि मला विचारलंस की आमच्यासारखी ती बारकी विजेची गाडी घेऊ का. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की मुळीच नको, या वयात हे शोभतं का, लोक काय म्हणतील, नुसता डोक्याला ताप, आमच्याकडे एक आली आहे तीच आम्हाला जड झाली आहे आणि दारात ठेवायला जागा नाही. कदाचित जरा जोरात बोललो असेन. त्यावर तू काहीच बोलली नाहीस (किंवा बोललीस, पण तुझ्या त्या फोनला रेंज नसावी) आणि फोन ठेवून दिलास. तेव्हापासून तुझा फोन नाही. गेला रविवार कोरडा गेला, आजचाही तसाच जाणार असं दिसतं. आई गेल्यापासून मला रागवायचा हक्क तुझ्या एकटीकडे आहे आणि तो तू भरपूर वापरलास, पण न बोलता तू कधी रागावली नव्हतीस. मला हे सहन होत नाही, स्पष्टच सांगतो. चार दिवस जेवणाला चव नाही. तेव्हा मी 'नको' का म्हणालो त्याची कारणं सविस्तर लिहितो. ती वाचून तुझं तूच ठरव आणि माझ्यावरचा राग सोड.

ही गाडी मी घेतलेली नाही हे आधी ध्यानात घे. नूतनने आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला ती आमच्या दारात पाठवली. आईला स्कूटरवर मागे बसवत नाही, गावातल्या गावात फिरायला बरी, गल्लीत वळते, कुठेही उभी राहते, पेट्रोल लागत नाही, असं तिचं म्हणणं. मी बाहेर येऊन पाहिलं तर मला आधी वाटलं की ही नमुन्याची आहे, खरी मागून येते आहे. पुढे नाक नाही, मागे पाठ नाही. आपल्याकडे धान्याची कोठी असते तिला चाकं लावली तर जवळपास हीच वस्तू होईल, फक्त कोठीत धान्य मावतं. हिच्यात मागच्या बाजूला डिकी म्हणून जी जागा आहे तिथे मेथीची एक जुडी उभी राहते, दुसरी आडवी करावी लागते. भरताची वांगी घ्यायला गेलो तर वांगी मांडीवर. चार माणसं बसतात असं कागदावर लिहिलं आहे. त्यातली मागची दोन कोणत्या देशातली धरली आहेत कळत नाही. खानदेशातली नक्की नाहीत.

पण आकार हा तिचा किरकोळ दोष. मुख्य दोष म्हणजे ती मुकी आहे. अक्का, मी आयुष्यभर मशीन आवाजावरून ओळखलं. बेअरिंग तापायच्या आधी टर्बाइनचा सूर बदलायचा आणि तो मीटरच्या आधी माझ्या कानाला कळायचा. साहेब लोक मला बोलावून विचारायचे. आणि आता माझ्या हातात असं यंत्र दिलं आहे की ते चालू आहे की बंद आहे की मेलं आहे, काही पत्ता लागत नाही. पूजेच्या दिवशी गुरुजींनी चाकांखाली लिंबं ठेवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मला लिंबांवरून गाडी न्यायला सांगितलं. मी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. रूपा बाहेरून हातवारे करत होती, त्याचा अर्थ मी 'चला' असा घेतला आणि पायाखालची पट्टी जरा दणकून दाबली. ती गाडी म्हणे आधीपासून चालूच होती. लिंबं गेली, रांगोळी गेली, आरतीचं ताट गेलं. गुरुजींचं वय सत्तर, पण ते उभ्या उभ्या कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसले. गाडी थेट हबीबभाईंच्या दुकानापुढे गेली. ते मोटारी रिवाइंड करतात, तर त्यांच्या पाण्याच्या मोटारींच्या ढिगाला जाऊन टेकली. हबीबभाई सज्जन माणूस. मोटारींना काही झालं नाही म्हणाले. नंतर ते माझ्या तोंडाकडे बघत बराच वेळ काहीतरी समजावत होते, मी मान हलवली.

आता तुला शहरात चालवायचे फायदे सांगतो, नाहीतर म्हणशील की तोता एकाच बाजूने बोलतो. पहिला फायदा म्हणजे ती कुठेही उभी करता येते. खरं आहे. दोन मोटारसायकलींच्या जागेत उभी राहते. फक्त परत आल्यावर तिच्या पुढे आणि मागे दोन दोन मोटारसायकली लागलेल्या असतात, कारण ही गाडी आहे असं कोणाच्या लक्षातच येत नाही. दुसरा फायदा, ती एका हाताने वळते. तीही खरी गोष्ट. पण आपल्या जळगावात वळायचं कुठे? सगळीकडे खोदून ठेवलं आहे. तिसरा फायदा म्हणजे खर्च नाही. चौतीस वर्षं आम्ही मालगाड्यांनी कोळसा जाळून वीज तयार केली ती का या डबीत भरण्यासाठी, असा प्रश्न मला रोज प्लग लावताना पडतो, पण तो सोडून देतो. चौथा फायदा माझ्या कामवालीने सांगितला की गाडी धुवायला एक बादली पुरते. एवढेच फायदे. आणखी कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नकोस.

तोटे मात्र फुले मार्केटात एकदा नेलीस की कळतील. ही मुकी असल्यामुळे पुढचा माणूस बाजूला होत नाही. एक केळीवाला आपली लोटगाडी घेऊन रस्त्याच्या मधोमध चालला होता आणि मी त्याच्या मागे पाव तास, केळी मोजत. हॉर्न दाबला तर हॉर्नही या गाडीच्या जातीचाच, चिलटाएवढा. म्हणून मी तो दाबूनच धरला. त्यासरशी सगळा बाजार थांबून माझ्याकडे बघायला लागला. काय ती तोंडं, अक्का. दोन बायकांनी कानांवर पदर घेतले. छोट्या गाडीविषयी लोकांच्या मनात एवढा तिटकारा असेल असं मला वाटलं नव्हतं. मग ट्रॅफिकचा पोलीस आला आणि काचेत वाकून त्याने काहीतरी विचारलं. मला या गाडीबद्दल सगळे एकच प्रश्न विचारतात, किती चालते. म्हणून मी त्याला सांगितलं की कागदावर दोनशे, पण या उन्हात एसी लावून सव्वाशे. तो माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा काहीतरी बोलला. मी सांगितलं, घरच्याच प्लगवर, रात्रभर. त्याने डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं आणि मला हाताने जा म्हणून सांगितलं. (नंतर रूपा म्हणाली की तो लायसन्स मागत होता. त्याने नीट मागायला हवं होतं.)

आणि पहूरचं लग्न. हे वाचल्यावर तुला माझ्या 'नको'चा राग येणार नाही याची खात्री आहे. धनसिंगच्या, म्हणजे रूपाच्या भावाच्या, मुलीचं लग्न होतं. मी एस.टी.ने जाऊ म्हणत होतो, पण रूपाला माहेरच्या माणसांना गाडी दाखवायची होती. निघालो. दहा किलोमीटर झाले नसतील, तर रूपाने दोन्ही हात कानांवर दाबून धरले आणि मध्ये मध्ये माझ्याकडे बघून ओठ हलवायला लागली. मला वाटलं एसीचं वारं कानात जातंय, म्हणून मी एसी बंद केला. चव्वेचाळीस डिग्रीत. ती आणखीनच हातवारे करू लागली. मागून येणारा प्रत्येक ट्रकवाला पुढे जाताना मान बाहेर काढून माझ्याशी बोलत होता. (मी डावीकडे वळणार म्हणून घरापासून जो दिवा लावला होता तो तसाच चालू होता, हे पहूरला कळलं. मोठ्या गाडीत तो टकटक असा आवाज करतो. इथे तोही मुका.) पहूरच्या वेशीत गेल्यावर गाडी उभीच राहिली. चार्जिंग संपलेलं. आदल्या रात्री प्लग लावला होता, पण म्हणे त्याचं बटण बंद होतं. अरे मग संपण्याआधी बोल ना काहीतरी. माणूस मरताना हाय तरी म्हणतो.

वरात नेमकी मागून आली. बँडवाल्यांना रस्ता नव्हता, म्हणून चार वऱ्हाडी पुढे झाले आणि त्यांनी आमची गाडी, आम्ही आत असताना, उचलून कडेला ठेवली. एक म्हातारा खिडकीत तोंड घालून ओरडला, "भाऊ, हाई गाडी शे का पोरेसनं खेळणं?" तो मात्र छातीतून बोलला, मला स्वच्छ ऐकू आलं. तिथून गाडी मांडवापर्यंत ढकलत नेली आणि मी मंडपवाल्याला सांगितलं की तुझ्या जनरेटरवर दोन तास लावू. त्याने नाही म्हणण्यासाठी मान हलवली. मी त्याला लोड म्हणजे काय, फेज म्हणजे काय, मी कोण, कुठे होतो, सगळं समजावून सांगितलं आणि माझ्या हाताने जोडलं. (डिझेलच्या धुरावर विजेची गाडी चार्ज होताना पाहायचं भाग्य फार थोड्यांना मिळतं.) पाचव्या मिनिटाला जनरेटर बसला. मांडवातले बारा कूलर बंद, पंखे बंद, मंगलाष्टकांचा माइक बंद. चारशे माणसं घामाने निथळत माझ्याकडे बघत होती. धनसिंग गेल्या महिन्यापासून माझ्याशी बोलत नाही. निदान बोलत असेल तर मला समजेल अशा रीतीने बोलत नाही.

रात्रभर धनसिंगच्या घरच्या प्लगवर गाडी लावून दुसऱ्या दिवशी परतताना रूपाने माझ्या खिशातून किल्ली काढून घेतली. मला वाटलं पर्समध्ये ठेवायला मागते आहे. ती सरळ ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली आणि गाडी चालवत जळगावला घेऊन आली. नूतनने मागच्या दिवाळीत तिला नाशिकला चोरून शिकवलं होतं, लायसन्ससुद्धा काढून दिलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात बाईने ही एवढी गोष्ट माझ्यापासून लपवली. (ती म्हणते सांगितली होती. तीन वेळा.) तेव्हापासून किल्ली तिच्या कमरेला. भाजी, देऊळ, बचत गट, सगळीकडे ती गाडी फिरवते आणि मी बाजूच्या जागेवर पिशव्या धरून बसतो. एकदाही कुठे घासली नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो, पण त्याचं श्रेय गाडीला देत नाही.

तर अक्का, सारांश हा. गाडी बारकी, मुकी, दगाबाज आणि माणसाला चारचौघांत खाली बघायला लावणारी आहे. अशी गाडी घेऊ नकोस. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर धाकटा म्हणून पोटात घाल आणि पुढच्या रविवारी फोन कर. खाली रूपा दोन ओळी लिहील.

तुझा,
तोताराम

ता. क. रूपाने दोन ओळी लिहिल्या नाहीत. तिने हे सगळं पत्र उभ्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या खोलीत जाऊन ललितला फोन लावला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मग ती माझ्या समोर बसून इतक्या मोठ्याने बोलली की हबीबभाई हातातली तार टाकून धावत आले, काय झालं म्हणून. त्यांना ती पलीकडून ऐकू आली. मला तीनदा सांगितल्यावर कळलं. अक्का, तू गाडीचं विचारलंच नव्हतंस. तू विचारलंस, "तोता, आखाजीले येऊ का रे?" आणि मी ऐकलं, "तोता, अशी गाडी लेऊ का रे?"

ता. क. दुसरं. आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या सणाला माहेरवाशिणीला न्यायला भावाने मूळ लावायचं, बोलावणं धाडायचं असतं, तिने दारातून विचारायचं नसतं. दरवर्षी मी गुढीपाडवा झाला की तुला फोन करत होतो. या वर्षी फोनवर काही कळत नाही म्हणून आज करू, उद्या करू असं टाळत राहिलो. दाजी गेल्यावर तुला जायला हे एकच घर आहे आणि एवढ्या वयाच्या बहिणीला स्वतः विचारायची पाळी मी आणली. त्यावर तुला उत्तर काय दिलं तर, मुळीच नको, या वयात शोभतं का, लोक काय म्हणतील, दारात जागा नाही. ललित म्हणाला की तू भरलेली पिशवी परत रिकामी केलीस आणि सुनेला सांगितलंस की यंदा ऊन फार आहे. मी फार वाईट वागलो, अक्का. मला शिव्या दे. मी हे पत्र फाडणार होतो, पण रूपा म्हणाली की आहे तसं पाठवा, तुमची काय दशा झाली आहे ते अक्कांना कळू द्या. ललितला तिने तुझ्याजवळ काही बोलू नकोस म्हणून बजावलं आहे. "तुम्हीन बिघाडं, तुम्हीच नीट करा," असं ती मला म्हणाली. (हे तिने कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून दाखवलं.)

ता. क. तिसरं. गाडी मुकी नाही. रूपा म्हणते ती पहिल्या दिवसापासून बोलते आहे. पट्टा लावला नाही तर ओरडते, दिवा राहिला तर टकटकते, चार्जिंग संपत आलं तर शंख करते, पहूरच्या वाटेवर तिने सगळा रस्ता डोक्यावर घेतला होता. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही. ती म्हणाली, रोज सांगते. टर्बाइनवर आम्हाला कानात घालायला बोळे द्यायचे. बाकीचे घालायचे. मी घालत नसे, कारण मग सूर कसा कळणार. मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं आहे. जाईन. तुला शब्द देतो.

ता. क. शेवटचं. पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टाने टाकतो, बुधवारपर्यंत मिळावं. आखाजीच्या आधी, शुक्रवारी सकाळी, आम्ही तुला मूळ घेऊन येतो. गाडी रूपा चालवेल. तुझ्या धुळ्यापर्यंत एका चार्जमध्ये येते, तेवढं आता मलाही कबूल आहे, पण परतीसाठी ललितला सांगून पंधरा अँपिअरचा एक प्लग मोकळा ठेव. शनिवारी पुढची जागा तुझी, एसी तुझ्या गुडघ्यांना सोसेल तेवढाच लावू, मागे तुझी पिशवी आणि लोणच्याची बरणी. मी त्यात मावत नाही, एस.टी.ने मागून येईन. नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हणू नकोस, उपयोग नाही. आणि दारात उभी राहून 'येत नाही' म्हणालीस, तर तेही मला ऐकू येणार नाही.